फ्लॅटमध्ये ट्यूब अॅम्प: कमी आवाजात चांगला टोन कसा काढायचा

दुकानात वाजवून बघितलेला ट्यूब अॅम्प (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा गिटारचा अॅम्प्लिफायर) घरी आणला की पहिल्याच दिवशी बहुतेकांचा हिरमोड होतो. दुकानात मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचा नॉब, चारवर होता, आवाज भरलेला होता, एकेक सूर लांबत होता. घरी तोच मास्टर एकच्या जरा पुढे सरकवला की आई स्वयंपाकघरातून बाहेर येते, आणि एकवर ठेवला तर आवाज पत्र्यासारखा पातळ. मग चार लोक सांगतात की ट्यूब अॅम्प फ्लॅटसाठी नसतोच, आणि तो विकायला निघतो. ही घाई आहे. पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, वारजे, औंध इथल्या भिंतीला भिंत लागलेल्या सोसायट्यांमध्ये ट्यूब अॅम्प वाजतो आणि चांगला वाजतो. फक्त क्रम बदलावा लागतो. मोठ्या आवाजात टोन लावून मग आवाज खाली आणायचा, हे घरात जमत नाही. आधी आवाजाची पातळी ठरवायची आणि त्या पातळीवरच टोन शोधायचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

टोनच्या आधी वीज आणि वायर

ट्यूब अॅम्पच्या आत साधारण तीनशे ते पाचशे व्होल्ट खेळत असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक राहतो. त्यामुळे मागची जाळी किंवा चॅसिस उघडून आत हात घालायचा नाही. ते काम अॅम्प दुरुस्त करणाऱ्याचं.

दुसरा नियम याहून महत्त्वाचा, कारण तो नवखे लोक नकळत मोडतात. स्पीकर जोडलेला नसताना ट्यूब अॅम्प कधीही चालू करायचा नाही. रात्री आवाज नको म्हणून स्पीकरची पिन काढून ठेवली आणि अॅम्पच्या लाइन आउटमधून हेडफोनवर वाजवत बसलं, असं पुष्कळ जण करतात. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला, म्हणजे ट्यूबची ताकद स्पीकरला पोचवणाऱ्या भागाला, पलीकडे भार लागतो. तो नसेल तर वाजवताना त्याच्या गुंडाळीत व्होल्टेज भलतंच चढतं आणि आतलं इन्सुलेशन जळतं. अॅम्पमध्ये सगळ्यात महागडा भाग बहुतेक वेळा हाच असतो. तुमच्या अॅम्पला कंपनीनेच हेडफोनचं सॉकेट किंवा आतला लोड दिला असेल तर गोष्ट वेगळी. ते मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. वाचून खात्री करा.

स्पीकरची वायर म्हणून गिटारची केबल वापरू नका. दिसायला दोन्ही सारख्याच, पण गिटारच्या केबलमध्ये मधली तार बारीक असते आणि भोवती शील्ड असते. स्पीकरला दोन जाड तारांची साधी टू-कोअर वायर लागते. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलात की मीटरवर वायर आणि चांगले धातूचे मोनो जॅक मिळतात. काही दुकानदार या जॅकला पी-३८ म्हणतात. सोल्डरिंग येत नसेल तर तिथेच कुणाकडून तरी करून घेता येतं.

अमेरिकेहून कुणी अॅम्प आणला असेल तर मागच्या पट्टीवर काय लिहिलंय ते आधी बघा. तिथे १२० व्होल्ट लिहिलेला अॅम्प आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात सरळ लावला तर फ्यूज उडाला तर नशीब. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा, आणि तो घेताना अॅम्पचे 'वॅट' बघून घेऊ नका. १५ वॅटचा ट्यूब अॅम्प स्पीकरला १५ वॅट देतो, भिंतीतून मात्र त्याच्या कितीतरी पट ओढतो, कारण ट्यूबचे हीटर सतत जळत असतात. मागच्या पट्टीवर जो वापर लिहिलेला असतो, त्याच्या दुप्पट क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घ्या. पट्टीवर फक्त ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर अॅम्पचा ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. असा अॅम्प वापरण्याआधी जाणकाराला दाखवा.

जुन्या इमारतींमध्ये थ्री-पिनचं तिसरं भोक असतं, पण अर्थिंग पोचलेलं असेलच असं नाही. वायरमनला बोलावून एकदा तपासून घ्या. अॅम्पची घरघर निम्मी तिथेच कमी होते. घरघर जावी म्हणून अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. गिटारच्या तारा आणि तुमची बोटं त्या अर्थशी जोडलेली असतात.

पहिली पायरी: पातळी ठरवा

फोनवर साउंड मीटरचं एखादं फुकट अॅप घ्या. ते प्रयोगशाळेतल्या यंत्राइतकं अचूक नसतं, पण आपल्याला फक्त तुलना करायची आहे. जिथे बसून वाजवणार तिथे, कानाच्या उंचीवर फोन धरा. घरात दोन माणसं नेहमीसारखी बोलत असतील तर साधारण ६० डेसिबल दिसेल. गिटारसाठी ७० ते ७५ धरा. या पातळीवर तारांचा सुका आवाज झाकला जातो, अॅम्पचाच आवाज ऐकू येतो आणि शेजारच्या खोलीत दार लावून कुणी अभ्यास करू शकतं. ६५ च्या खाली गेलात तर पिकचा टकटकाट अॅम्पच्या बरोबरीने ऐकू यायला लागतो आणि कुठलाच टोन पटत नाही.

सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत मर्यादा ५५ डेसिबल आहे, रात्री ४५. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर असेल तर तिथे ५० आणि ४०. हे आकडे परिसरासाठी आहेत, तुमच्या खोलीतल्या खुर्चीसाठी नाहीत, पण खिडक्या उघड्या ठेवून ७५ वर वाजवलं तर समोरच्या बाल्कनीत किती पोचतं ते एकदा फोन घेऊन बघाच. शिवाय दुपारी एक ते चार या वेळात वाजवू नये. नियमात असो वा नसो, आपल्याकडे बऱ्याच घरांत त्या वेळी म्हातारी माणसं आडवी झालेली असतात, आणि त्यांच्या झोपेचा मान ठेवला की संध्याकाळी साडेसहाला कुणी कुरकुर करत नाही.

आता थोडा हिशोब, कारण याने बरेच पैसे वाचतात. गिटारच्या स्पीकरवर त्याची संवेदनशीलता लिहिलेली असते. एक वॅट दिला आणि एक मीटरवर मोजलं तर किती डेसिबल, तो आकडा. सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० घेतला तर तो १०० आहे. म्हणजे फक्त एका वॅटमध्ये १०० डेसिबल. आपल्याला हवेत ७०. हा ३० डेसिबलचा फरक म्हणजे ताकदीचा हजारावा भाग. घरात वाजवताना तुमचा अॅम्प स्पीकरला जेमतेम एक मिलिवॅट, फार तर दोन-तीन मिलिवॅट देत असतो!

म्हणूनच '१५ ऐवजी ५ वॅटचा घे, घरात फुल्ल करता येईल' हा सल्ला चुकीचा आहे. ताकद निम्मी केली की आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. कानाला आवाज साधारण निम्मा वाटायला १० डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे ताकद एक दशांश. १५ आणि ५ वॅटमध्ये ५ डेसिबलचाही फरक नाही. ५ वॅटचा अॅम्प फुल्ल केला तर तोही सोसायटीची मीटिंग बोलावेल. वॅट बघून अॅम्प निवडू नका. मास्टर व्हॉल्यूम आहे का, इफेक्ट्स लूप (अॅम्पच्या आतल्या साखळीत मध्येच पेडल जोडायची सॉकेट) आहे का आणि ताकद कमी करायचा स्विच आहे का, हे तीन प्रश्न विचारा.

दुसरी पायरी: खालच्या मजल्यावर जाऊन या

ही पायरी कुणीच करत नाही, आणि मला सगळ्यात जास्त कामाची हीच वाटते. भावाला किंवा मित्राला वाजवत बसवा आणि खाली जाऊन बेल वाजवा. आमच्या खालच्या काकूंशी झालेलं बोलणं असं होतं:

"काकू, आत्ता वर गिटार चालू आहे. इथे कितपत ऐकू येतंय?"

"गिटार ऐकू आली असती तर बरंच झालं असतं रे. नुसतं धडधड धडधड येतंय बघ. वरून कुणीतरी पाट आपटतंय असं वाटतं."

आणि खरंच, हॉलमध्ये उभं राहून सूर एकही कळत नव्हता. ट्रेबल, मिड काहीही नाही. फक्त जाड तारेवरचा ठोका छतातून उतरत होता. गिटारची सहावी तार मोकळी सोडली की ८२ हर्ट्झला वाजते. उंच सूर भिंत आणि काच बरेचसे अडवतात, खालचे सूर आरपार जातात, आणि अॅम्प जमिनीवर ठेवलेला असला की त्याची पेटी सरळ स्लॅबच हलवते. म्हणजे काकूंना त्रास आवाजाचा नव्हता. त्रास होता १०० हर्ट्झच्या आसपासच्या आणि त्याखालच्या भागाचा, आणि तो मास्टर कमी न करताही घालवता येतो. कुठला भाग घालवायचा हे मात्र वरच्या खोलीत बसून कळलं नसतं.

तिसरी पायरी: अॅम्पची जागा

अॅम्प जमिनीवरून उचला. मजबूत लाकडी स्टूल चालतं. स्टूल आणि अॅम्प यांच्यामध्ये घट्ट फोमचा तुकडा ठेवा. गादी कारखान्यात मागितलात तर उरलेल्या फोमचा हवा तेवढा तुकडा कापून देतात. स्टूलच्या पायांखाली रबराचे तुकडे घाला. गोधडीची घडीही चालते, पण जड अॅम्प तिच्यात एका बाजूला कलतो. फोम बरा. एवढं केल्यावर पुन्हा खाली जाऊन ऐका, फरक लगेच कळेल.

कोपरा टाळा. दोन भिंती आणि जमीन मिळून बेस फुगवतात, आणि नेमका तोच बेस शेजाऱ्याकडे जातो. अॅम्पची पाठ उघडी असेल तर भिंतीपासून निदान हातभर पुढे ठेवा. शेजारच्या फ्लॅटची जी भिंत आहे तिच्याकडे तोंड नको. कपड्यांनी भरलेलं कपाट, पुस्तकांची मांडणी किंवा जाड पडदा असेल तिकडे तोंड करा.

मग स्पीकर कानाकडे वळवा. बारा इंची स्पीकरचा ट्रेबल सरळ समोर जातो, बाजूला पसरत नाही. अॅम्प पायापाशी असला की सगळी धार गुडघ्यांना मिळते आणि कानाला फक्त गोळा झालेला मंद आवाज येतो. माणूस मग ट्रेबल वाढवतो, मग मास्टर वाढवतो. अॅम्प मागे झुकवून स्पीकरचा मध्य कानाकडे केला की तीच पातळी अचानक स्पष्ट वाटायला लागते. आणि जवळ बसा. दोन मीटरवरून एक मीटरवर आलात तर तुमच्या कानाला ६ डेसिबलपर्यंत जास्त मिळतं, शेजाऱ्याला मात्र तेवढंच जातं. जवळ बसण्याचा आणखी एक फायदा असा की गिटार स्पीकरच्या समोर आली की तारांना थोडा धक्का मिळत राहतो आणि सूर जरा लांबतो. मोठ्या आवाजात जो सस्टेन आपसूक मिळतो त्याचा हा छोटा हिस्सा.

खोलीतली झणझण शोधायला एक संध्याकाळ द्या. सहाव्या तारेवर एकेक फ्रेट चढत सावकाश वाजवा, प्रत्येक सूर पूर्ण विरू द्या. आमच्याकडे मोकळ्या पाचव्या तारेला, म्हणजे ११० हर्ट्झला, लोखंडी कपाटाचं हँडल बारीक आवाजात झणझणायचं. बाकी कुठल्याच सुराला नाही. ते इतकं सुरात मिसळलेलं असतं की स्पीकर फाटलाय असंच वाटतं. हँडलवर बोट ठेवलं की थांबायचं, बोट काढलं की परत सुरू. दाराच्या फटीत वर्तमानपत्राची घडी सरकवली आणि हँडलच्या मागे इन्सुलेशन टेपचे दोन वेढे दिले, झालं. भिंतीवरच्या फ्रेमा, खिडकीची सैल काच, ट्यूबलाइटची पट्टी, शोकेसमधले पितळी डबे हे सगळे असेच बोलतात. कमी आवाजात ही झणझण टोनच्या बरोबरीने ऐकू येते, म्हणून ती घालवणं पेडल विकत घेण्याच्या आधी.

चौथी पायरी: नॉब

आधी आत काय होतं ते थोडक्यात. गिटारचा सिग्नल पहिल्यांदा प्रीअॅम्पच्या छोट्या ट्यूबमध्ये जातो, बहुतेक अॅम्पमध्ये ही १२एएक्स७ असते. तिथून टोनचे नॉब, मग मास्टर, मग फेज इन्व्हर्टर (सिग्नलचे दोन उलटे भाग करणारा टप्पा), मग ईएल८४, ६व्ही६, ईएल३४ किंवा ६एल६ अशा मोठ्या पॉवर ट्यूब, मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि शेवटी स्पीकर. हे नॉब काही अॅम्पमध्ये पुढे-मागे असतात, पण साखळी साधारण हीच. यातला प्रत्येक टप्पा ताणला की सुराला थोडा थोडा खरखरीतपणा आणि दाब मिळतो. मोठ्या आवाजात सगळे टप्पे एकदम ताणले जातात, म्हणून स्टेजवरचा टोन इतका भरलेला वाटतो. घरच्या पातळीवर मास्टरच्या पुढचे टप्पे जवळजवळ आरामात असतात. मास्टरच्या आधीचा भाग मात्र तुमच्या हातात आहे.

त्यात कानाचाही वाटा आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आवाज कमी झाला की माणसाच्या कानाला बेस फारच कमी ऐकू येतो, आणि अगदी वरचे सूरही थोडे. मोठ्या आवाजात लावलेला टोन खाली आणला की तो पातळ का वाटतो, याचं हेही एक कारण. अॅम्प तोच असतो, कान वेगळं ऐकतात.

आता लावायला घ्या. गिटारचे नॉब पूर्ण उघडे. अॅम्पवर बेस, मिडल, ट्रेबल मध्यावर, रिव्हर्ब बंद, मास्टर शून्य, गेन (प्रीअॅम्प किती ताणायचा तो नॉब) मध्याच्या जरा पुढे. वाजवत वाजवत मास्टर हळूहळू उघडा, फोनवर ७२ च्या आसपास आलं की हात काढा. यापुढे मास्टरला हात लावायचा नाही. जे करायचं ते बाकीच्या नॉबने.

पहिल्यांदा मिडल वाढवा. नवखे लोक उलट करतात, बेस-ट्रेबल वर आणि मिडल खाली. एकट्याने वाजवताना क्षणभर ते छान वाटतं, पण गिटारचा जीव मिडमध्ये आहे आणि कमी आवाजात तो काढला की हातात काहीच उरत नाही. मग बेस थोडा वाढवा, काकूंकडे जाऊन आल्याचं लक्षात ठेवून. ट्रेबल शेवटी, आणि जपून.

आवाज टोचत असेल तर ब्राइट स्विच बंद आहे ना बघा. बऱ्याच अॅम्पमध्ये गेन किंवा व्हॉल्यूमच्या नॉबवर एक छोटा कपॅसिटर असतो, तो नॉब खाली असताना ट्रेबल जास्त सोडतो. नॉब जसा वर जातो तसा त्याचा परिणाम कमी होतो. म्हणून गेन दोनवर ठेवून टोचणारा अॅम्प, गेन सहावर आणि मास्टर आणखी खाली घेतला की गोड होतो. स्वच्छ टोन हवा असेल तर तेव्हा गेन कमी करण्याऐवजी गिटारचा व्हॉल्यूम सहा-सातवर आणा. ट्यूब अॅम्पची खरी मजा याच नॉबमध्ये आहे, आणि त्यासाठी आवाज मोठा लागत नाही.

आणि गेन उगाच दहावर नेऊ नका. प्रीअॅम्पचा नुसता गेन वाढवत गेलात की जाडी येत नाही, मधमाश्यांचा गुंजारव येतो. तीन सुरांचा कॉर्ड वाजवून बघा. तिन्ही सूर वेगळे ऐकू येईनासे झाले की तिथून एक घर मागे या.

एक अडचण जवळपास सगळ्यांना येते. मास्टर शून्यावर असताना काहीच नाही, आणि केसभर हलवला की एकदम मोठा. मधली पातळी सापडतच नाही. अॅम्पला इफेक्ट्स लूप असेल तर त्यात एक व्हॉल्यूम पेडल किंवा साधी व्हॉल्यूमची डबी लावा. मग अॅम्पचा मास्टर तीन-चारवर ठेवून खरा आवाज त्या डबीने बारीक बारीक बदलता येतो. याने पॉवर ट्यूब ताणल्या जात नाहीत, ती अपेक्षा ठेवू नका. फक्त नियंत्रण मिळतं, आणि घरात तेवढ्यानेही खूप फरक पडतो. लूप सिरीज प्रकारचा हवा. पॅरलल लूपमध्ये काही सिग्नल डबीला वळसा घालून जातो आणि आवाज पूर्ण उतरत नाही.

पाचवी पायरी: दोन पेडल पुरतात

एक ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सिग्नल वाढवून खरखर आणणारं पेडल. ट्यूब स्क्रीमर जातीचं कुठलंही चालेल. ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर, लेव्हल वर, टोन मध्यावर. अशाने पेडल स्वतः फारसं फाटत नाही, ते अॅम्पची पहिली ट्यूब ढकलतं. या जातीच्या पेडलमध्ये ७२० हर्ट्झच्या आसपास मिड उचललेला असतो आणि त्याखालचा बेस कापलेला. खालच्या मजल्यासाठी हे वरदान आहे.

दुसरं ग्राफिक ईक्यू (बेसपासून ट्रेबलपर्यंतचा एकेक भाग वेगळा वर-खाली करायचं पेडल), आणि ते लूपमध्ये लावायचं. बॉसचा जीई-७ समोर धरून सांगतो, त्याच्या पट्ट्या १०० हर्ट्झपासून ६.४ किलोहर्ट्झपर्यंत आहेत. १०० ची पट्टी मध्यावर किंवा किंचित खाली. २०० ची दोन-तीन डेसिबल वर. कानाला हवी असलेली जाडी इथे मिळते आणि स्लॅब यावर फारसा हलत नाही. ८०० ची थोडी वर. ६.४ ची खाली, म्हणजे वरचा चरचराट जातो. माझ्या मते घरच्या ट्यूब अॅम्पसाठी पहिला खर्च करायचा तर तो ईक्यूवर. ओव्हरड्राइव्ह त्यानंतर.

मास्टर नसलेला अॅम्प असेल, जुन्या फेंडरच्या घाटाचा, तर त्याला स्वच्छच ठेवा, व्हॉल्यूम दोनच्या आसपास, आणि सगळी खरखर पेडलमधून घ्या. तिथे ओव्हरड्राइव्हचा ड्राइव्ह मध्यापर्यंत न्यायला हरकत नाही.

सहावी पायरी: एवढं करूनही पॉवर ट्यूबचाच आवाज हवा असेल तर

काहींना हवाच असतो, आणि तो खरंच वेगळा असतो. बोटाखाली सूर थोडा दबतो आणि मग फुलतो. त्यासाठी पॉवर ट्यूब ताणाव्या लागतात आणि जास्तीची ताकद स्पीकरच्या आधी कुठेतरी जिरवावी लागते.

सोपा मार्ग म्हणजे कमी ताकदीचा स्विच असलेला अॅम्प. मार्शलचा डीएसएल१ एका वॅटवरून ०.१ वॅटवर येतो, डीएसएल५ पाचवरून ०.५ वर. हा १० डेसिबलचा फरक, कानाला साधारण निम्मा आवाज. वरचा हिशोब आठवा, ०.१ वॅटलाही १०० च्या स्पीकरवर ९० डेसिबल होतात. तरी मास्टरला फिरायला जागा मिळते, हे खरं. १०० ऐवजी ९७ संवेदनशीलतेचा स्पीकर बसवला की ताकद निम्मी केल्यासारखे ३ डेसिबल उतरतात. अॅम्प आवडतोय, स्पीकर बदलायचाच आहे, तेव्हा हे लक्षात ठेवा.

दुसरा मार्ग अॅटेन्युएटर. अॅम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये ही पेटी बसते आणि ताकदीची उष्णता करून टाकते. नुसत्या रेझिस्टरच्या स्वस्त पेट्या थोडा आवाज उतरवायला ठीक असतात. घरच्या पातळीपर्यंत आणलं की मात्र टोन मंद, घोंगडं पांघरल्यासारखा येतो. रिअॅक्टिव्ह प्रकारच्या पेट्या खऱ्या स्पीकरप्रमाणे खालच्या आणि वरच्या सुरांना वेगळा विरोध करतात, त्यामुळे अॅम्पला पलीकडे स्पीकरच आहे असं वाटत राहतं. त्या महाग असतात. फ्लॅटसाठी घ्यायचीच असेल तर तीच घ्या, नाहीतर थांबा.

जोडताना ओह्म जुळवा. अॅम्पचं ८ ओह्मचं आउटपुट, ८ ओह्मची पेटी, ८ ओह्मचा स्पीकर, आणि दोन्हीकडे स्पीकरचीच वायर. पेटीची क्षमता अॅम्पच्या वॅटच्या दुप्पट असू द्या. पूर्ण ताणलेला अॅम्प त्याच्यावर लिहिलेल्या आकड्याहून बराच जास्त देतो. पेटी गरम होते, तिच्यावर कापड किंवा पुस्तक ठेवू नका. आणि आवाज छोटा असला तरी अॅम्प आत पूर्ण ताकदीने राबत असतो, ट्यूब तेवढ्याच झिजतात. पॉवर ट्यूब बदलायची वेळ लवकर येईल. बदलताना अॅम्प दुरुस्त करणाऱ्याकडून बायस (ट्यूबमधून वाहणाऱ्या स्थिर प्रवाहाची जुळवणी) तपासून घ्या.

रात्री दहानंतर

लोड बॉक्स आणि हेडफोन. टू नोट्सच्या कॅप्टर एक्ससारख्या पेटीत अॅम्पचं आउटपुट जातं, आत स्पीकर-कॅबिनेटची नक्कल असते आणि हेडफोनमध्ये माइक लावून रेकॉर्ड केल्यासारखा आवाज येतो. खोलीत वाजणाऱ्या स्पीकरचा अनुभव तो नाही, पण अॅम्प पूर्ण उघडून वाजवता येतो. कॅबिनेटची नक्कल नसलेल्या लाइन आउटमधून हेडफोन लावू नका, नुसता चरचराट येईल. ज्यांना वाजवायला वेळच फक्त रात्री मिळतो, त्यांनी ट्यूब अॅम्पसाठी हट्ट धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. हेडफोनचं सॉकेट असलेला चांगला डिजिटल अॅम्प घ्यावा आणि रोज वाजवावं.

जॅमरूमला जाताना

घरी लावलेला टोन फोनमध्ये फोटो काढून ठेवा, प्रत्येक नॉब आणि ईक्यूची प्रत्येक पट्टी दिसेल असा. तो टोन ड्रमच्या शेजारी तसाच लावला तर भसाडा वाटेल, कारण मोठ्या आवाजात कानाला बेस पुन्हा पूर्ण ऐकू येतो आणि आता पॉवर ट्यूब आणि स्पीकरही आपला वाटा देतात. तिथे आधी लूपमधला ईक्यू बंद करा, बेस आणि गेन खाली आणा, मग मास्टर उघडा, आणि ट्रेबल सगळे एकत्र वाजवत असताना ठरवा. त्याही सेटिंगचा फोटो काढा. घरी परत आल्यावर अॅम्प स्टूलवर ठेवताना पहिला फोटो उघडा आणि मास्टर शून्यावर असल्याची खात्री करूनच स्टँडबायचा स्विच (ट्यूब गरम होईपर्यंत आवाज बंद ठेवणारा) सोडा.